पाटी बदलते, पत्ते मागे राहतात

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पकडली असेल. मडगाव, कुळे, मग घाट चढून कॅसलरॉक, लोंढा. पुढे बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, आणि दुसऱ्या दिवशी इटारसी सोडून गाडी भोपाळकडे निघते. या एकाच गाडीच्या वाटेवर गेल्या दहा-बारा वर्षांत किती नावे बदलली ते मोजून पाहा. बेळगावचे सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले (आपण बेळगावच म्हणतो, ते दुखणे जुने आहे). अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नर्मदेच्या काठचे होशंगाबाद २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले. आणि भोपाळ जंक्शन येण्याआधी जे हबीबगंज स्थानक लागायचे ते नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती आहे. गाडी जिथून सुटते त्या गावाचे वास्को द गामा हे नाव मात्र आहे तिथेच आहे. असो.

आज बोलायचे आहे ते हबीबगंजबद्दल, आणि त्याच सुमारास संगणकाच्या जगात झालेल्या एका नामांतराबद्दल. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते.

स्थानकाचे नाव बदलले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे येतात. रंगारी येतो, पाटी नवी होते, झाले. पण रेल्वेत नाव फक्त पाटीवर नसते. प्रत्येक स्थानकाला एक संक्षिप्त खूण असते आणि आरक्षणाची सगळी यंत्रणा त्या खुणेवर चालते. हबीबगंजची खूण एचबीजे अशी होती, ती आरकेएमपी झाली. तिकिटे, वेळापत्रके, गाड्यांची नावे, फलाटावरच्या घोषणा, लोकांच्या मोबाईलमधली ॲप, जिथे जिथे जुने नाव लिहून ठेवले होते तिथे तिथे कुणाला तरी जाऊन ते बदलावे लागले. मुंबईच्या व्हीटीचे असेच झाले. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडले गेले, आणि दोन्ही वेळा मागे ही कारकुनी कामे आली. विमानतळाची खूण मात्र अजून बीओएमच आहे. आपल्या गोव्याचे उच्च न्यायालयसुद्धा इंग्रजीत अजून बॉम्बेच आहे. नाव बदलणे हा एका दिवसाचा समारंभ असतो, पण ते नाव जिथे जिथे पोचलेले असते तिथून ते परत गोळा करणे वर्षानुवर्षे चालते.

आता संगणकाची गोष्ट. प्रोग्राम लिहिणारी माणसे आपले काम 'गिट' नावाच्या व्यवस्थेत ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये सुरू केली. गिट म्हणजे एक चोपडी समजा. कुणी काय बदलले, कधी बदलले, का बदलले याची प्रत्येक नोंद त्यात राहते आणि प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीकडे बोट दाखवते. या नोंदींच्या साखळीला फांद्या फुटतात, त्यांना ब्रँच म्हणतात. नवीन काम सुरू केले की एक मुख्य फांदी आपोआप मिळते, आणि तिचे ठरलेले नाव होते 'मास्टर'.

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर जे आंदोलन उसळले त्यात संगणक क्षेत्रातले लोकही आपापल्या भाषेकडे पाहू लागले. या क्षेत्रात 'मास्टर' आणि 'स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम, अशी जोडी यंत्रांना वर्षानुवर्षे लावली जात होती. मुख्य फांदीचे नावही त्याच जोडीतले, असा आक्षेप आला. जुलै २०२० मध्ये आलेल्या गिटच्या २.२८ आवृत्तीत हे नाव ज्याचे त्याला निवडण्याची सोय झाली, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहब या सर्वात मोठ्या संकेतस्थळावर नव्या कामांची मुख्य फांदी 'मेन' या नावाने सुरू होऊ लागली.

वादही खूप झाला. गिटमधल्या मास्टरला कुठे स्लेव्ह होता, असे काहींनी विचारले. गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाला मास्टर म्हणतात, तसाच हा मास्टर, असे काहींचे म्हणणे. गिटच्या आधी जी बिटकीपर नावाची व्यवस्था वापरात होती तिच्या कागदपत्रांत मास्टर-स्लेव्ह ही जोडी होती याकडे दुसऱ्यांनी बोट दाखवले. आपल्याकडच्या अनेकांना तर हा गोंधळच कळला नाही, आणि ते साहजिक आहे. मराठी कानाला मास्टर म्हटले की शाळेतले मास्तर आठवतात, शिंपी मास्टर आठवतो, बँडमास्टर आठवतो. गोव्याच्या माणसाला तर मंगेशीचे मास्टर दीनानाथच आठवणार. इंग्रजी मास्टर आणि पोर्तुगीज मेस्त्र हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. त्या मेस्त्रवरून आपला मेस्त आणि घाटावरचा मेस्त्री आला. आपल्यासाठी हा शब्द कारागिराचा आणि गुरूचा. पण ज्याच्या पणजोबाला विकत घेणारा माणूस कागदावर 'मास्टर' म्हणून सही करत होता, त्याच्या कानाला तो तसा ऐकू येत नाही. शब्द ठेवणाऱ्याच्या मनात काय होते एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही, आणि तो शब्द रोज कुणाच्या कानावर पडतो हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न भोपाळला उभा राहतो. भोपाळपासून बैरसियाच्या रस्त्याने थोडे गेले की जगदीशपूर नावाचे गाव लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने ते तिथल्या राजपूत प्रमुखाकडून घेतले, त्याचे नाव इस्लामनगर ठेवले आणि तिथे आपली राजधानी केली. पुढे तो भोपाळला गेला आणि भोपाळ संस्थानाचा संस्थापक ठरला. जगदीशपूर घेताना दगाफटका झाला आणि शेजारच्या बाणगंगेचे पाणी लाल झाले, म्हणून त्या नदीला हलाली म्हणू लागले, अशी तिथली आख्यायिका आहे. जवळजवळ तीनशे वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मध्य प्रदेश सरकारने गावाचे नाव पुन्हा जगदीशपूर केले.

राणी कमलापतीची कथा त्याच काळातली. ती गिन्नौरगढच्या गोंड राजाची, निजाम शाहाची राणी. नवऱ्याला त्याच्याच भाऊबंदांनी विष घातले, तेव्हा तिने दोस्त मोहम्मदाची मदत मागितली आणि शेवटी तिला तलावात उडी घ्यावी लागली, असे सांगतात. तिचा महाल भोपाळच्या तलावाकाठी अजून उभा आहे. नव्या रूपातल्या स्थानकाचे उद्घाटन १५ नोव्हेंबर २०२१ ला झाले. तो बिरसा मुंडांचा जन्मदिवस, आणि त्याच वर्षापासून जनजातीय गौरव दिवस. गोंड माणसाला आपल्या राणीचे नाव फलाटावर वाचून काय वाटले असेल ते समजू शकते. हबीबगंजात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याला त्याच दिवशी काय वाटले असेल, तेही समजण्यासारखे आहे. दोघांपैकी कुणाला खोटे ठरवायची गरज नाही.

मग नाव बदलावे की बदलू नये? इथे मला गिट काही शिकवते असे वाटते.

गिटमध्ये फांदीचे नाव म्हणजे एका छोट्याशा फाईलीत ठेवलेला चाळीस अक्षरांचा पत्ता. तो शेवटच्या नोंदीकडे बोट दाखवतो, एवढेच. एका ओळीच्या आज्ञेने मास्टरचे मेन होते, आणि एकही जुनी नोंद जागची हलत नाही. कारण प्रत्येक नोंदीची खूण तिच्यातला मजकूर, लेखक, तारीख आणि आधीची नोंद यांवरून बनते. फांदीच्या नावाचा त्यात हिशेबच नाही. उलट, 'मास्टर फांदी इथे मिसळली' असा शेरा एखाद्या जुन्या नोंदीत असेल तर तो तसाच राहतो. तो खोडायचा म्हटला तर त्या नोंदीची खूण बदलते, मग तिच्या पुढच्या प्रत्येक नोंदीची खूण बदलते, आणि ज्यांच्याकडे जुन्या प्रती आहेत त्या सगळ्यांशी फारकत होते. म्हणून शहाणी माणसे पाटी बदलतात आणि चोपडी तशीच ठेवतात.

दुसरी गोष्ट त्याहून व्यवहाराची. नाव तुम्ही तुमच्याकडे बदलले तरी बाकीच्यांच्या प्रतींत जुनेच राहते. कुणाच्या स्वयंचलित कामात 'मास्टरवरून घे' असे लिहिलेले असते, ते दुसऱ्या दिवशी बंद पडते. एखादा सहकारी सवयीने मास्टरवरच काम पाठवतो, ती फांदी पुन्हा जन्माला येते आणि एका घराच्या दोन चुली होतात. म्हणून गिटहबने जानेवारी २०२१ मध्ये नाव बदलण्याची जी सोय दिली तिच्यात एक चांगली गोष्ट होती. जुन्या नावाचा दुवा घेऊन कुणी आला तर त्याला हाकलून न देता नव्या नावाकडे पोचवले जाते. जुन्या घरावर कागद चिकटवतात ना, 'अमुक अमुक समोरच्या गल्लीत राहायला गेले आहेत', तसे.

आपल्या गोव्याला हे कुणी शिकवायला नको. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. जुन्या जागा गेल्या, पण पत्ते हरवले नाहीत, कारण ते माणसांनी स्वतःच्या अंगावर घेतले. केळोशीकर, कुशस्थळीकर, लोटलीकर ही आडनावे म्हणजे चारशे वर्षे चालू असलेले दुवेच आहेत. कुळावी कुठेही असो, मूळ गाव विचारले की सांगतो. आणि मंगेश जिथे आला ती मंगेशी, तिथले दीनानाथ म्हणून मंगेशकर. एका विस्थापित देवाचा पत्ता असा साऱ्या देशाच्या तोंडी बसला.

गावांच्या नावांचेही तसेच. डिचोलीला बिचोलिम, साखळीला सांकेलिम, पेडण्याला पेर्नेम, केपेला क्वेपेम. पाटीवर एक आणि तोंडात एक. पणजीला १८४३ पासून कागदोपत्री नोव्हा गोवा म्हणत, आज ते फक्त जुन्या कागदांत सापडते. पण वडिलोपार्जित जमिनीचा पोर्तुगीज दस्तऐवज उघडायची वेळ येते तेव्हा ही दुसरी नावे माहीत असलेला एखादा म्हातारा माणूस घरात असावा लागतो. तो नसेल तर हातातला कागद मुका होतो.

भोपाळबद्दल माझी काळजी एवढीच आहे. जगदीशपुरात आज कुणी गेला तर त्याला चमन महाल दिसेल, त्याची बाग, कमानी आणि कारंज्यांची जागा दिसेल. जगदीशपूर नावाच्या गावात मुघल धाटणीचा हा महाल कुणी आणि का बांधला, याचे उत्तर इस्लामनगर या नावात आहे. ते नाव पाटीवरून गेले ते गेले, पण कोपऱ्यात लहान अक्षरांत 'इस्लामनगर, सुमारे १७१५ ते २०२३' एवढे तरी असावे. आणि खरे सांगायचे तर इस्लामनगरच्या पाटीवरही तीनशे वर्षे 'पूर्वीचे जगदीशपूर' असायला हवे होते. ते ठेवले गेले नाही, म्हणून तर हे नाव इतक्या वर्षांनी एवढ्या जोराने परत आले. ज्याचा पत्ता पुसला जातो तो विसरत नाही, फक्त वाट पाहतो.

मराठी वाचकाचाही यात स्वार्थ आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळमध्ये कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याचा तह झाला. उद्या कुणी अभ्यासक त्या काळचे कागद घेऊन त्या मुलखात हिंडायला निघाला, तर त्याच्या हातातल्या कागदावरची नावे आणि रस्त्यावरच्या पाट्या यांची गाठ कुणी घालून द्यायची? भोपाळच्या मोठ्या तलावाचे नाव २०११ मध्ये राजा भोजावरून भोजताल झाले, पण लोक अजून बडा तालाबच म्हणतात. लोकांच्या जिभेवर दोन्ही नावे सुखाने राहतात. अडचण येते ती कागदाला, कारण कागदाला एकच नाव हवे असते.

नावे बदलतील, पुढेही बदलतील. कधी दुखावलेल्याला बरे वाटावे म्हणून, कधी जिंकलेल्याला मिरवता यावे म्हणून, आणि बरेचदा दोन्ही मिळून. बदलणाऱ्याकडे मागणे एकच, की जाताना जुन्या दारावर एक चिठ्ठी लावून जा. कुणीतरी जुना पत्ता घेऊन येणारच आहे.