गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचे जंतुसंक्रामण : शस्त्रक्रियांचा इतिहास

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसविलेल्या कृत्रिम सांध्याभोवती सूक्ष्मजंतूंची वाढ होणे ही या शस्त्रक्रियेतील अत्यंत कष्टदायक उपद्रवांपैकी एक असून ती कृत्रिम सांध्याइतकीच जुनी आहे. टेमिस्टोक्लेस ग्लुक या जर्मन शस्त्रक्रियातज्ज्ञांनी १८९० मध्ये बर्लिन येथे हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसविला. परंतु त्यांचे रुग्ण मुख्यतः सांध्याच्या क्षयाने पीडित असल्याने संक्रामण बळावून तो प्रयत्न फसला.

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. अशा औषधांनी हाडांच्या संक्रामणाची भीती पुष्कळच कमी केली. कृत्रिम सांध्यापुढे मात्र ती एकटी अपुरी पडतात. धातूला व प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो. स्टॅफिलोकॉकससारखे जंतू त्यांवर चिकट थर तयार करून त्याच्या आश्रयाने राहतात.

संक्रामण पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात आले, तर सांधा उघडून दूषित ऊतके खरवडून काढतात, प्लॅस्टिकचा भाग बदलतात व धातूचे भाग तसेच ठेवतात. जुनाट संक्रामणात सर्वच भाग काढणे प्राप्त होते. हॅम्बर्गचे बुखहोल्ट्स यांनी १९७० च्या सुमारास अस्थिसिमेंटात जेंटामायसीन मिसळले. सिमेंट घट्ट होताना तापते. ती उष्णता हे औषध सोसते व नंतर हळूहळू बाहेर झिरपते. या आधारावर जुना सांधा काढून त्याच वेळी नवा बसविण्याची रीत तेथे रूढ झाली.

न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दोन टप्प्यांची पद्धती प्रसिद्ध केली : प्रथम सांधा व सिमेंट काढणे, नंतर सहा आठवडे शिरेवाटे औषध देणे व त्यानंतर नवा सांधा बसविणे. मधल्या काळात पोकळी आकसू नये म्हणून पुढे औषधयुक्त सिमेंटचा ठोकळा ठेवू लागले. हे आठवडे रुग्णाच्या धीराची परीक्षा पाहणारे असतात. हेही निष्फळ झाल्यास हाडे जुळवून गुडघा कायमचा ताठ करतात. मांडी घालून बसणाऱ्या समाजात ही काही लहान अडचण नव्हे. मांडीतून पाय कापणे हा अखेरचा उपाय.

दोन शस्त्रक्रिया व दुसरा सांधा यांचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. पुण्याचे अस्थिशल्यचिकित्सक कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ हा देशी बनावटीचा गुडघा तयार केला. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किंमती ठरविल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यास ५४,७२० रु., तर पुनर्रोपणाच्या सांध्यास १,१३,९५० रु. अशी मर्यादा होती.