संग्राहक आणि स्वामित्व

छंद म्हणून वस्तू जमवणाऱ्याच्या मुळाशी मालकीची हाव असते, असे सामान्यतः मानले जाते. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांकडे (१८९६-१९९०) पाहता आम्हांस हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी असे रोजच्या हाताळणीतले जिन्नस त्यांनी जमवले. त्यांतले बहुतेक घडवणारे कारागीरही अज्ञातच. संग्रहालयालाही त्यांनी स्वतःचे नव्हे, तर बालवयात निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव दिले. त्यामुळे या साऱ्या खटाटोपास पुत्रशोकाची भरपाई म्हणण्याचा मोह होतो. परंतु भरपाई म्हणून जमवलेले माणूस सहसा हातचे सोडत नाही. केळकरांनी मात्र हयातीतच आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू आपल्यापाशी असावी ही एक इच्छा. ती नाहीशी होऊ नये ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. संग्रह सोडण्याची वेळ येते तेव्हाच, आमच्या मते, त्यांतली खरी कोणती ते कळते.