घटातले बी आणि अंगणवाडी

बी कसे उगवते हे मुलांना दाखविणे ही नवी टूम आहे असे पुष्कळींना वाटते. पण नवरात्रात काळ्या मातीत धान्य पेरून आपण घट बसवतो, तो घरातला पहिला पाठच होय. उणीव एवढीच की, घटाला पोरांनी हात लावायचा नसतो.

जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० साली आपल्या शाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असे. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक तेथे गेल्या. हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतेच राहू नये, म्हणून १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी उघडली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायाच त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी निघाली ती अशी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने आणि बिया त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

बोर्डीला हे चालले होते तेव्हा आपले निलंगे निजामाच्या राज्यात होते. आपल्या आज्यांपैकी कितीतरी जणींनी शाळेची पायरी पाहिली नाही. पण बियाणे राखेत घोळून वर्षभर जपणे त्यांच्याच हाती होते.

गेल्या नवरात्रात धाकट्याने घट उकरला. मी पाठीत धपाटा घातला. रडत रडत तो म्हणाला, “मुळी कुठं गेली ते बघत होतो.” मला वाईट वाटले. मग त्याला वेगळे मडके दिले. एका बाजूला अख्खी तूर पेरली, दुसऱ्या बाजूला तुरीची डाळ. तूर फुगली, आधी मुळी खाली गेली, मग कोंब वर आला. डाळ कुजली. दाणा भरडताना त्यातला कोंब निघून जातो. उरते ती नुसती त्याची शिदोरी, हे त्याला तेव्हा उमगले. घटाची रोपे पिवळी का, हेही त्याने विचारले. देवघरात ऊन नसते म्हणून, असे मी सांगितले.

यंदा आपण प्रत्येकीने घटाशेजारी एक मडके मुलांसाठी ठेवावे. ते उकरायला मात्र मोकळीक असावी.