दुसऱ्यांदा निखळलेला सांधा

खुर्चीचा एकदा चिकटवलेला सांधा पुन्हा निखळला, की सर्वांत मजबूत चिकटद्रव्य कोणते, असे हटकून विचारले जाते. खरे तर आधी विचारायला हवे ते हे, की पहिल्या खेपेला काय लावले होते?

प्राचीन इजिप्तपासून सुतारांचा भरवसा सरसावर होता. जनावरांची कातडी व हाडे पाण्यात उकळली की त्यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिन होते, तोच सरस. गरम सरस लाकडाच्या छिद्रांत शिरतो, थंड होताना थिजतो आणि पाणी उडून गेल्यावर कडक होतो. ही क्रिया उलटवता येते. ऊब आणि ओल मिळाली की जुना सरस मऊ पडतो व नव्या सरसात मिसळून जातो. म्हणूनच व्हायोलिन बनवणारे कारागीर आजही सरस वापरतात. वाद्याची वरची फळी दुरुस्तीसाठी अधूनमधून उघडावी लागते, आणि लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा हेच त्यांना हवे असते. दमट हवेत सरस दगा देतो, हा मात्र त्याचा मोठा दोष.

1912 साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी पॉलिव्हिनिल ॲसिटेट शोधले. पाण्यातील त्याच्या दुधासारख्या मिश्रणाने पुढे सरसाची जागा घेतली. आपल्याकडे 1959 साली फेव्हिकॉल आले आणि हळूहळू सरसाचे भांडे चुलीवरून उतरले. सुताराची सोय झाली, पण दुरुस्ती करणाऱ्याची पंचाईत! या द्रव्याचा वाळलेला थर लाकडाची छिद्रे बुजवतो, आणि त्यावर लावलेला नवा थर नीट धरत नाही. जुना थर खरवडून मूळ लाकूड उघडे करावे लागते; त्यात सांधा सैल होतो.

ही फट भरून काढते ते इपॉक्सी. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां यांच्या संशोधनातून निघालेले ॲरल्डाइट 1946 साली लोकांसमोर आले. दोन द्रव्ये मिसळली की रेणूंचे जाळे विणले जाते, आणि ते पुन्हा वितळत नाही. तिसऱ्या दुरुस्तीची वाट इथे जवळजवळ बंदच होते. जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तंत्रज्ञांनी यावर नामी तोड काढली आहे. लाकडाच्या दोन्ही पृष्ठभागांना आधी सरसाचा पातळ हात द्यायचा आणि तो वाळल्यावर मध्ये इपॉक्सी भरायचे. पुढे सांधा उघडायची वेळ आली, तर सरस सुटतो.

जुने द्रव्य ओळखणे वर्गातही जमण्यासारखे आहे. सांध्यातून खरवडलेल्या कपच्यांवर गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटे ठेवा. कपची चिकट झाली तर सरस. पांढरट, रबरासारखी झाली तर पॉलिव्हिनिल ॲसिटेट. आणि ढिम्म राहिली तर बहुधा इपॉक्सी.