नवजात अर्भकातील जंतुसंसर्ग आणि रक्तपेशींची गणना

प्रौढ व्यक्तीला जंतुसंसर्ग झाल्यास रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे वाढते. नवजात अर्भकात मात्र ती घटणे अधिक चिंताजनक मानले जाते. अर्भकाच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल या संरक्षक पेशींचा साठा अल्प असतो व जंतूंशी झुंजताना तो लवकर संपतो.

जबलपूर येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव लाभलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मंडला, दिंडोरी या आदिवासीबहुल जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. अशा रुग्णालयात अत्यवस्थ अर्भक दाखल होते, तेव्हा प्रतिजैविके तातडीने सुरू करावीत काय, हा पहिला प्रश्न असतो. खात्रीलायक निदान रक्ताच्या कल्चरने होते. परंतु त्याच्या अहवालास दोन-तीन दिवस लागतात आणि संसर्ग झालेले अर्भक त्याआधीच दगावू शकते. पेशींच्या गणनेचा अहवाल काही तासांत हाती येतो, हेच तिचे महत्त्व.

भारतात प्रचलित असलेल्या ‘सेप्सिस स्क्रीन’मध्ये एकूण पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर ५,००० हून कमी असणे, न्यूट्रोफिलची संख्या वयाच्या मानाने कमी असणे आणि एकूण न्यूट्रोफिलमध्ये अपरिपक्व पेशींचे प्रमाण ०.२ हून अधिक असणे, या बाबी पाहिल्या जातात. सीआरपी व सूक्ष्म ईएसआर यांची त्यास जोड असते. किमान दोन निष्कर्ष प्रतिकूल आल्यास संसर्गाचा संशय बळावतो. १९८८ मध्ये रॉडवेल व सहकाऱ्यांनी मांडलेल्या गुणांकन पद्धतीत प्लेटलेटचाही समावेश आहे.

मात्र हे आकडे फसवेही असतात. जन्मानंतर लगेच ३०,००० पर्यंत पांढऱ्या पेशी असणे स्वाभाविक आहे. मातेच्या उच्च रक्तदाबामुळेही बाळाच्या न्यूट्रोफिल पेशी घटतात. पहिल्या काही तासांत घेतलेला नमुना निर्दोष निघाला तरी संसर्ग नाकारता येत नाही. म्हणून १२ ते २४ तासांनी तपासणी पुन्हा केली जाते. एकंदरीत ही गणना संसर्ग सिद्ध करण्यापेक्षा तो नसल्याचा दिलासा देण्यास अधिक उपयोगी ठरते. हा दिलासाही लहान नव्हे. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्भकांच्या रक्तात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले होते. अनावश्यक औषधे थांबवणे त्यामुळेच निकडीचे आहे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग सैल वा थंड पडले, श्वास जलद झाला, तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात. जेथे प्रयोगशाळाच नव्हती, तेथे केवळ अशा लक्षणांवर भिस्त ठेवावी लागली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील आरोग्यसेविकांना ती ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण दिले. या घरोघरच्या नवजात बालसेवेमुळे, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.