पुण्या-मुंबईतले आफ्रिकन लोक : घर कसं मिळतं, नोंदणी कशी होते, अडचण आली तर जातात कुठे?

सेमाडोह हे परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, सिपना नदीकाठचं मेळघाटातलं गाव. वाघाच्या जंगलात फिरायला येणारे इथं मुक्काम करतात. समजा, पुण्यात शिकणारा टांझानियाचा एक विद्यार्थी सुट्टीत मित्रांसोबत इथं आला. त्याला खोली द्यायची असेल तर काय करावं लागतं?

पासपोर्ट आणि व्हिसा बघायचा आणि २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची. बस्स. पण ही गोष्ट माहीत नसली की "कशाला ते लचांड" म्हणून नाही म्हटलं जातं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आफ्रिकन लोकांना हा नकार कायम ऐकावा लागतो.

हे लोक कोण आहेत?

सगळ्यात आधी एक गोष्ट. आफ्रिका हा एक देश नाही. त्या खंडात ५४ देश आहेत. सुदानचा माणूस अरबी बोलतो, टांझानिया आणि केनियाचा स्वाहिली, काँगोचा फ्रेंच आणि मोझांबिकचा पोर्तुगीज. नायजेरिया आणि घानामध्ये इंग्रजी चालते. पुण्यात एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन आफ्रिकन मुलांना एकमेकांशी इंग्रजीतच बोलावं लागतं, असंही होतं.

महाराष्ट्रात येणारे ढोबळमानानं तीन प्रकारचे. पहिले विद्यार्थी. यातले काही भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीवर येतात, बाकीचे स्वतःच्या खर्चानं. दुसरे व्यापारी. मुंबईच्या बाजारातून कपडे आणि इतर माल घेऊन ते आपल्या देशात विकतात. तिसरे रुग्ण. ऑपरेशन किंवा कॅन्सरच्या उपचारांसाठी पूर्व आफ्रिकेतली कुटुंबं मुंबईत येऊन राहतात.

विद्यार्थी पुण्यात कोंढवा, उंड्री, पिसोळी या भागांत दिसतात. मुंबईच्या बाजूला मीरा रोड, नालासोपारा, खारघर इथं आफ्रिकन भाडेकरू आहेत.

एका आजारी विद्यार्थ्यामुळे उभी राहिलेली संस्था

पुण्यातली सिंबायोसिस ही आज मोठी शिक्षणसंस्था आहे. तिची सुरुवात परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणातून झाली. डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसन कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचं काम बघत. मॉरिशसहून आलेल्या एका विद्यार्थ्याला कावीळ झाली होती आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. हे दृश्य त्यांनी पाहिलं. घरापासून इतक्या लांब आलेल्या मुलांचं इथं कोणीच नाही, ही गोष्ट त्यांना लागली आणि १९७१ मध्ये सिंबायोसिसची स्थापना झाली.

मॉरिशस हा आफ्रिकन देशच आहे. शिवाय तिथं पिढ्यान् पिढ्या राहणारा मराठी समाजही आहे. केनियात नैरोबीलाही महाराष्ट्र मंडळ आहे. परक्या मुलखात आपल्या माणसांनी एकत्र यायची गरज मराठी लोकांनाही पडलेली आहे.

कागदपत्रं कोणती लागतात?

नायजेरिया, केनिया, इथिओपिया, काँगो अशा देशांतून येणाऱ्याला विमानतळावरच पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. मुंबईत त्यासाठी परदेशी नागरिक नोंदणीचं प्रादेशिक कार्यालय आहे. इतर ठिकाणी हे काम पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून चालतं. अर्ज २०१८ पासून ऑनलाइन होतो.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त घरून येणाऱ्या पैशांवर असते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. भारतानं 'ऑपरेशन कावेरी' राबवून आपले नागरिक तिथून परत आणले. इथं शिकणाऱ्या सुदानी मुलांची अडचण उलटी होती. परत जावं तर घर युद्धात, थांबावं तर फी आणि भाडं कुठून भरायचं?

मुदत संपल्यावर राहणं महागात पडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. व्हिसा संपूनही राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जेवण, केस आणि रविवार

अशा समाजाच्या बऱ्याचशा सोयी पाटी लावलेल्या दुकानात नसतात, त्या ओळखीतून मिळतात. वेण्या घालणारी एखादी ताई घरीच काम करते, कारण आफ्रिकन केसांची सवय इथल्या पार्लरला नसते. घरगुती स्वयंपाक करून डबे देणारं कोणी असतं. ख्रिस्ती लोक रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमतात, मुस्लीम विद्यार्थी जवळच्या मशिदीत जातात. नवीन मुलगा आला की त्याच्या देशाच्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याला खोलीपासून सिमकार्डापर्यंत मदत करतो.

जेवण मात्र वाटतं तितकं परकं नाही. पूर्व आफ्रिकेतली उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. इथिओपियाची इंजेरा आंबवलेल्या पिठाची, आंबोळीच्या जवळची. पश्चिम आफ्रिकेत ज्या कंदाचं पीठ रोज खातात, त्याच कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा बनतो. वऱ्हाडात भाकरी ज्या ज्वारीची होते, ती ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आजच्या सुदानच्या भागात पहिल्यांदा पिकवली गेली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली.

मग संशय कशाचा?

अमली पदार्थ आणि ऑनलाइन फसवणुकीच्या प्रकरणांत काही आफ्रिकन नागरिकांना अटक झाली आहे, हे खरं आहे. पण त्या बातम्यांचा भार लायब्ररीत बसणाऱ्या मुलावर पडतो. सोसायटी ठराव करते, एजंट फोन उचलत नाही, रिक्षात कोणी न विचारता फोटो काढतं.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं, ते दिल्लीच्या आसपास दिसलं. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाला काही जणांनी मारून टाकलं. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. त्याआधी अफवा पसरली होती.

वऱ्हाडाला आफ्रिकन माणूस नवा नाही

बहमनी काळात महमूद गावाननं वऱ्हाडचे दोन भाग केले. गाविलगडचा भाग फतहुल्ला इमाद-उल-मुल्ककडे गेला. हा गाविलगड सेमाडोहच्या चिखलदरा तालुक्यातच आहे. माहूरचा भाग खुदावंद खान हबशीकडे गेला. 'हबश' म्हणजे आजचा इथिओपिया. पुढे तिथूनच गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला. त्यानं १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 'हबशी' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, पण दख्खनमध्ये तो सरदारांच्या नावामागे लागत होता.

घर द्यायचं असेल तर हे करा

– पासपोर्ट आणि व्हिसाची मुदत स्वतः बघा, प्रती ठेवा.
– भाडेकरार लेखी करा. विद्यार्थी असेल तर कॉलेजचं पत्र मागा.
– २४ तासांत ऑनलाइन नोंद करा. पूर्वीपासून 'फॉर्म सी' म्हणतात ती हीच. हॉटेल, लॉज, होमस्टे आणि खासगी घर या सगळ्यांना हा नियम आहे.
– पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेऊ नका. तो त्या माणसाजवळच राहिला पाहिजे.

भाडेकरूलाही एक गोष्ट सांगून ठेवा. त्रास झाला तर ११२ क्रमांक परदेशी नागरिकांसाठीही चालतो. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क. बहुतेक दूतावास दिल्लीत आहेत. इथिओपिया, इजिप्त, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस अशा काही देशांची कार्यालयं मुंबईतही आहेत.