सुट्टीचा वार

नव्या गावात पाऊल ठेवले की कोणी पाण्याची चौकशी करतो, कोणी भाड्याची, कोणी खानावळीची. आम्ही मात्र प्रथम एकच गोष्ट विचारतो : या गावाला सुट्टी कोणत्या वारी असते? कामगार संघटनेच्या कामासाठी तीसएक वर्षे गावोगाव हिंडताना ही सवय जडली. कारण उघड आहे. सभा भरवायची तर माणसे मोकळी कधी असतात हे आधी कळले पाहिजे. पण पुढे पुढे असे ध्यानात आले की या एका उत्तरात गावाची निम्मी कुंडली सापडते. गाव कोणाच्या हुकमाने उठते, कोणाच्या हुकमाने निजते आणि घरातली माणसे एका पंक्तीला कधी बसतात, हे सारे त्यात येते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रेल्वेच्या डब्यात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, परभणी, हैदराबाद, मुंबई, सोलापूर आणि पिंपरी-चिंचवड या गावी आम्ही जे पाहिले आणि त्यामागचा जो इतिहास वाचला, तो श्रोत्यांनी ऐकून घ्यावा.

आरंभ आपल्या परभणीपासून करू. आपल्या शेतीला रविवार कधीच ठाऊक नव्हता, पण म्हणून विसावा नव्हता असे नाही. सोमवार हा महादेवाचा वार. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, ही रीत आमच्या लहानपणी जुनी माणसे कसोशीने पाळीत. अमावास्येला गवंडी थापी उचलीत नसे आणि मोंढ्यात सौदे होत नसत. आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर लवकर हात धुऊन बाजाराला येई, कारण हप्ता त्याच दिवशी हाती पडे. या विसाव्यात एक मोठा गुण होता. तो सगळ्या गावाचा एकदम असे. आणि एक तितकाच मोठा दोष होता. तो रीतीचा होता, हक्काचा नव्हता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधून घेतलेल्या सालगड्याला धन्याने बोलावले की अमावास्याही कामाचीच. बैलाला सोमवार होता. बैलामागे चालणाऱ्या माणसाला कोणताच वार नव्हता.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानच्या कचेऱ्या शुक्रवारी बंद असत. साल फसली, नाणे हाली सिक्क्याचे. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये. परभणीचा माणूस आगगाडीने मनमाडकडे उतरला की त्याचे नाणे बदले, तसा सुट्टीचा वारही बदले. आमचे आजोबा शेवटपर्यंत शुक्रवारला ‘तातिलीचा दिवस’ म्हणत. संस्थान विलीन झाल्यावर कचेऱ्यांत रविवार आला, पण वार असा एका हुकमाने जात नाही. बांधकाम मजुरांच्या कामासाठी आम्ही प्रथम हैदराबादेस गेलो तेव्हा चारमिनारच्या आसपासच्या गल्ल्यांत जुम्म्याच्या नमाजापुरती फळ्या ओढून घेतलेली दुकाने पाहिली. तेथील सालारजंग संग्रहालय आजही शुक्रवारी बंद असते. राजवट गेली, तिचा वार थोडासा मागे राहिला. हैदराबादचा तो शुक्रवार राजाने दिला होता आणि आमची अमावास्या रीतीने दिली होती. कामगाराने मागून घेतलेला वार पाहायचा असेल तर मात्र मुंबईस जावे लागते.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी करण्याचे ठरले आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे गिरणीच्या माणसाला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सणवाराला गिरणी बंद राही, एरवी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. रविवारी यंत्रे पुसण्यासाठी पुन्हा काही तास हजर राहायचे, ते वेगळेच. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालविले, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यातली पहिली मागणी काय होती? पगारवाढ नव्हे. रविवारी सर्वांना सुट्टी असावी, ही होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन गिरणीकामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षी ती कारखान्यांच्या कायद्यातही आली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो कामगाराला जवळचा, असेही त्या वेळी मांडले गेल्याचे सांगतात. १८९७ च्या प्लेगात लोखंडे वारले. आज ज्या रविवारी आपण उशिरा उठतो, त्यामागे या गृहस्थांची सहा वर्षांची खटपट आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आम्ही मुंबईस पोहोचलो तेव्हा १९८२ चा संप होऊन बरीच वर्षे लोटली होती आणि गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड होत होती. पण परळ-लालबागच्या चाळींत जुना रविवार तगून होता. सकाळी नळावर गर्दी, दुपारी खानावळीत मटणाचा रस्सा, संध्याकाळी खानावळ बंद. मग गावच्या मंडळाची बैठक, भजनाचा सराव, गावाकडे धाडायच्या पैशांचा हिशेब. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे त्या एका दिवशी सगळी एकदम जागी असत. एक म्हातारे साचेवाले आम्हाला म्हणाले, “पगार हातात येतो, बाबा, पण माणूस माणसाला भेटतो तो रविवारी.” मुंबईची नाटकमंडळे, व्यायामशाळा, ग्रामस्थ मंडळे आणि युनियनसुद्धा या मोकळ्या दिवसावर उभी राहिली, हे आमचे मत आहे.

सोलापूरने मात्र आमचा थोडा गर्व उतरविला. जुनी गिरणी १८७७ ची. तेथेही गिरणगाव, तेथेही रविवार. पुढे गिरण्या गेल्या, यंत्रमाग आणि बिडी राहिली. बिडीच्या कामावरील बायांची सभा आम्ही मोठ्या ऐटीत सुट्टीच्या दुपारी ठेवली. आल्या मोजून नऊ. चौकशीला घरोघर गेलो, तर अंगणात ओल्या पानांचे ढीग आणि बायांच्या हातात कातर. कारखाना बंद म्हणून पाने कातरणे घरी, शिवाय आठवड्याचे धुणे, दळण, आणि सुट्टीवर असलेल्या नवऱ्याचे दोन वेळचे जेवण. एकजण तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, “दादा, सुट्टी त्यांची असते. आमचं काम वाढतं त्या दिवशी.” महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोन बाया आम्हाला तेव्हा आठवल्या. त्यांनी मागितलेला वार त्यांच्या नातींना पुरता पोहोचला नव्हता.

पिंपरी-चिंचवडचा धडा वेगळ्याच प्रकारचा. आपल्या जिल्ह्यातली किती मुले तेथे आहेत हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. तेथेही आम्ही पहिली सभा रविवारी लावली आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे बसलो. कारण तेथील कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार सर्वांवर एकदम पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना निरनिराळे वार वाटून दिले गेले, त्यात या पट्ट्याला गुरुवार आला. राजाने नव्हे, देवाने नव्हे, विजेच्या तारेने दिलेला हा वार. आमच्या ओळखीचे एक कुटुंब पाहा. नवरा गुरुवारी घरी, मुलगा शाळेमुळे रविवारी घरी, बायको मोठ्या दुकानात कामाला, तिला सुट्टी मंगळवारी. तिघांनाही आठवड्याची सुट्टी आहे, कायद्याचा कोठेही भंग नाही. तरी तिघांची एकत्र न्याहारी दिवाळीलाच व्हायची.

हा प्रयोग जगात पूर्वीही होऊन गेला आहे. सोव्हिएट रशियात १९२९ साली यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला निराळा सुट्टीचा दिवस दिला. सुट्ट्या हिशेबाने वाढल्या, पण नवरा-बायकोचे वार जुळेनात, मित्र भेटेनात. दोन वर्षांतच सर्वांना समाईक दिवस द्यावा लागला आणि १९४० साली रविवार परत आला. कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्यांनाही जे साधले नाही, ते बाजाराच्या राज्यात आज मुकाट्याने चालले आहे.

आता पुन्हा परभणीस येऊ. १९४८ च्या दुकान कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावे लागे, म्हणून सारी पेठ एका दिवशी निवांत होई. २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षभर रोज दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली. नोकराला पाळीने सुट्टी द्यावी असे कलम आहे, पण लहान दुकानांना ते लागू नाही, आणि आपली पेठ लहान दुकानांचीच आहे. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, जिंतूरकडून जे कोयते ऊसतोडीला जातात, त्यांना उचल फिटेपर्यंत वारच नाही. एक दिवस चुकला की ‘खाडा’ आणि वर दंड. मोटारसायकलीवर पिशवी लावून घरपोच जेवण देणारा तरुण म्हणतो, “मी केव्हाही सुट्टी घेऊ शकतो.” केव्हाही घेता येते, म्हणजे त्या दिवशीचे पैसे सोडता येतात. सालगडीही असेच काहीसे म्हणत असेल.

पाच गावांच्या फेऱ्यातून आम्ही एवढेच शिकलो की सुट्टी ही दोन गोष्टींनी सुट्टी होते. ती हक्काची असली पाहिजे आणि ती समाईक असली पाहिजे. आमच्या जुन्या परभणीत समाईकपणा होता, हक्क नव्हता. चिंचवडला हक्क आहे, समाईकपणा नाही. लोखंड्यांच्या मुंबईने काही काळ दोन्ही मिळवून दाखविले, पुरुषांपुरते का होईना.

शेवटी या व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती. दरवर्षी आपण खंत करतो की मोंढ्यातला हमाल येथे येत नाही. तो येईल कसा? सायंकाळी त्याची शेवटची मालमोटार भरायची असते. पण अमावास्येला अजूनही पुष्कळ मोंढ्यांत सौदे होत नाहीत. पुढील वर्षी एक व्याख्यान त्या दिवशी, दुपारी ठेवून पाहावे. सतरंज्या घालायला आम्ही येऊ, आणि हमालांना त्यांच्या घरच्या मंडळींसह घेऊन येऊ.